वाकल्यावर न पळालेलं कुत्रं

आमच्या देऊळघाटात कुत्रं हाकलायला दगड लागत नाही. नुसतं वाकायचं. हात जमिनीपर्यंत पोचायच्या आत कुत्रं शेपूट घालून पळालेलं असतं. हे मला कोणी शिकवलं नाही, कुत्र्यांनाही कोणी शिकवलं नसेल. मी नववीतच शाळा सोडली, पण एवढा धडा पक्का होता.

आता मी जॉर्जिया देशात, तिबिलिसी शहरात, एका हिंदुस्थानी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. मला इथं आणलं ते याच स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, आमच्याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या एका भाऊंनी. विमानतळावर घ्यायला तेच आले आणि मी कुडकुडतोय बघून अंगातलं स्वेटर काढून दिलं. खोलीही त्यांनीच शोधली. घरमालकीण आजी एकटी राहणारी, परक्या माणसाला खोली द्यायला कचरत होती. महिनाभर बघते, मग ठरवते, असं ती फोनमध्ये बोलली आणि फोननं ते मला हिंदीत ऐकवलं. त्या महिन्यात मी दार लावतानासुद्धा श्वास धरून लावायचो. खोली गेली तर या थंडीत जायचं कुठं?

अशातच एका सकाळी फाटकात कुत्रं आडवं. वासराएवढं, कानात पिवळा बिल्ला. इथं रस्त्यावरच्या कुत्र्यांना सुई टोचून, बिल्ला लावून सोडतात आणि गल्लीतली माणसं त्यांना खाऊ घालतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी सवयीनं वाकलो. कुत्रं हललं नाही. मग मी खरंच दगड उचलला. तर ते उठलं, जवळ आलं आणि माझ्या रिकाम्या हाताखाली डोकं घातलं. वाकलेला माणूस काहीतरी खायला देतो, एवढंच त्याला माहीत. दुसऱ्या मुठीत दगड तसाच.

वर गॅलरीत आजी उभी होती. तिला माझी पाठ आणि कुत्र्याची हलणारी शेपटी दिसली असावी. संध्याकाळी ती गरम सूप घेऊन आली. फोन म्हणाला, "कुत्रं ज्याच्याजवळ जातं तो माणूस मनानं चांगला. खोली तुझी." मी हात जोडले. खरं सांगावं असं वाटलं, पण सूप प्यायलो.

पुढं सुट्टीच्या दिवशी भाऊ मला भेटायला आले, सोबत ठेच्याचा डबा. कुत्रं त्यांच्याकडेही लाडानं धावलं. भाऊ वाकले. कुत्रं थांबत नाही म्हटल्यावर घाबरले आणि दगड मारला. पायाला लागला. कुत्रं केकाटत फाटकाआड शिरलं. आजी अनवाणी खाली आली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "तुमच्याकडे असंच करतात का?"

"नाही," मी हिंदीत म्हटलं. "आमच्याकडे असं कोणी करत नाही. या माणसाचा स्वभावच तसा आहे."

हिंदी भाऊंनाही येते.

"काऊन बे," ते हळूच म्हणाले, "देऊळघाटात कुत्र्याले आरती ओवाळतात काय?"

हा काय म्हणतो, असं आजीनं विचारलं.

"माफी मागतोय," मी म्हटलं.

भाऊंनी डबा माझ्या हातात दिला आणि ते निघून गेले. आजीनं माझ्या खांद्यावर थोपटलं. तिचा हात खांद्यावरून निघेपर्यंत मी मान वर केली नाही. त्या दिवशी ठेचा खाल्ला, पण कशाची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात भाऊ शेजारच्याच शेगडीवर होते. मी म्हटलं, "भाऊ, काल मी जे बोललो..."

"कांदा जाळून राह्यला तू. गॅस बारीक कर."

मी बारीक केला. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "खोली राह्यली ना?"

"हाव."

"मंग झालं. आता दुसरी शोधाले मले टाइम नाही."

आजीनं मला बजावलंय, तो माणूस पुन्हा इथं दिसायला नको. हे मी भाऊंना अजून सांगितलेलं नाही. आणि येतो म्हणून त्यांनीही कधी म्हटलं नाही.