बाजेखालचं गाडगं

"भाऊ, माय गेली," असा अनुसयाकाकूच्या नामदेवचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात ज्वारी मोजून घेत होतो. तिच्यासाठीच, दुसऱ्या खेपेला. सहा आठवडे झाले, त्या पिशवीचं पुढं काय केलं ते अजून आठवत नाही...

अनुसयाकाकू आमची बांधशेजारीण. दोन वर्षांमागं आमच्या शेतकरी गटाची हळद परदेशी जायची होती, माल कमी पडत होता, आणि गावात ज्वारीचं एकच रान उरलं होतं, तिचं. गटाचा म्होरक्या मी, तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. "काहून रे, तिकडच्या लोकायनं हळद खावी, अन् आपुन काय खावं?" तिनं विचारलं. "पैसा आला की ज्वारी बाजारात मिळते, काकू," मी तोंड वर करून म्हणालो, अन् तिच्याही रानात हळद लागली. आता लाज वाटते. पण लाज तरी कशाची? त्याच हळदीवर तिची नात नांदेडला नर्सिंग शिकते, घरावर स्लॅब पडला. मी खोटं बोललो नव्हतो. मग चुकलं कुठं, हेच उमजत नाही.

आजारपणात तिला अन्न जाईना. "आपल्या रानातल्या ज्वारीची भाकर दे, घासभर खाते," एवढंच म्हणायची. मी घरोघर फिरलो. अख्ख्या गावात गावची ज्वारी पसाभर निघाली नाही. शेवटी बाजारची आणली, तिच्या सुनेनं भाकरी थापली, आणि मी बेधडक सांगितलं, "खा काकू, आपलीच हाय." तिनं घास चावला, माझ्याकडं बघितलं. "व्हय, बराबर," म्हणाली, आणि उरलेली भाकर माझ्याचकडं सरकवली... ओळखलं असेल का तिनं? देव जाणे.

दहाव्यानंतर नामदेवनं तिची खोली आवरली, तर बाजेखाली शेणानं तोंड लिंपलेलं गाडगं निघालं. आत राख लावलेली ज्वारी, तिच्या रानातली शेवटची, दाणा न् दाणा निवडलेली. दोन-चार भाकरी सहज झाल्या असत्या. पण बियाणं दळायचं नसतं, आमच्याकडं लेकरालाही हे ठाऊक असतं. त्या घासासाठी तळमळली बाई, अन् अंगाखालच्या गाडग्याला हात लावला नाही.

"हळद लावली तर रान वरीसभर अडकतं, भाऊ. काय करू? हळद लावू का हे पेरू?" नामदेव विचारून राहिला. गटाला माल द्यायचा शब्द मीच दिलेला. गावाला सल्ले वाटत फिरणारा मी, ते गाडगं मांडीवर घेऊन म्हणालो, "थांब, सांगतो." त्याला पंधरा दिवस झाले.