मारेकची आई दोह्याला येते

परदेशात किस्से शोधत हिंडावं लागत नाही. चार देशांची माणसं एका ऑफिसात कोंबली की ते आपोआप साचतात, बाल्कनीत वाळू साचते तसे! दोह्याजवळ अल रय्यानला आमचं ऑफिस, तिथले निम्मे किस्से मारेकचे. मारेक म्हणजे आमचा पोलिश स्ट्रक्चरल इंजिनिअर. ड्रॉइंगमध्ये कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, पण आईनं शिकवलेल्या रीतीभातींपुढे एकदम लहान मूल!

*

एकदा साइटवर इन्स्पेक्शन होतं. गाडीत बसलो आणि मारेकला आठवलं, हेल्मेट वर राहिलं. धावत गेला तो परत येईचना. आमचे ड्रायव्हर मयेकर, मालवणचे. दोनदा हॉर्न वाजवून मला म्हणाले, "बघून येवा हो, खंय पडलो बिडलो नाय मां?"

वर जाऊन बघतो तर साहेब हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेत आणि आकडे मोजतायत! विसरलेली वस्तू घ्यायला मागे फिरलं तर घटकाभर बसून, दहा मोजून मगच निघायचं, नाहीतर काम बिघडतं म्हणे.

मला वाटलं, मयेकर हे ऐकून हसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "आणि पाणी? पाणी पिलो काय तो? नाय? मगे परत पाठवा तेका!"

*

मारेकचे वडील उन्हाळ्यात वारले. नाताळात आई एकटी नको म्हणून त्यानं तिला दोह्याला बोलावलं. ती आली, पण एका अटीवर, "यंदा सण करायचा नाही." नाताळच्या आदल्या संध्याकाळचं घरचं जेवण हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी आई ताटावर बसेल का, एवढा एकच घोर मारेकला लागला होता.

एअरपोर्टवर मी आणि माझी बायको सुनंदा हौसेनं डझनभर गुलाब घेऊन उभे. मारेकच्या आईनं, हेलेनाकाकूंनी, फुलं घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. पोलंडमध्ये सम आकड्यात फुलं नेतात ती अंत्यविधीला! मारेकनं झटकन एक गुलाब उपसून सुनंदाच्या हातात दिला. "आता बरोबर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदा मात्र घरी येऊन म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही दिला नाहीत, तो शेवटी मारेकनं दिला!"

*

काकू कुणाशी फारसं बोलत नव्हत्या. एकदा उगीच विचारायचं म्हणून मारेककरवी मला गाव विचारलं. म्हटलं कोल्हापूर, आता हे कुठं आलं ते सांगत बसावं लागणार.

"वळिवडे!" काकू ओरडल्याच.

महायुद्धात देशोधडीला लागलेली हजारो पोलिश माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती. त्यात काकूंची मावशी होती, लहान मुलगी. ती मायदेशी परतली ती तिखटाची सवय घेऊनच!

मारेकनं आईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, "आमच्या घरी नाताळच्या बिटाच्या सूपमध्ये मिरची पडायची. शेजारचे एकदा प्यायले, पुन्हा आलेच नाहीत!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हापूरचं नाव राखलं त्या पोरीनं!

*

आई नको म्हणाली तरी मारेकनं नाताळचं ते जेवण करायचंच ठरवलं. त्याला मटण-चिकन चालत नाही, मासा लागतो, आणि तोही कार्प. मयेकर मारेकला मासळीबाजारात घेऊन गेले. मिळाला कार्पचा चुलतभाऊ, रोहू. मयेकरांनी नाक मुरडलं. "एवढो दर्यो समोर आसताना नदीचो मासो?"

मारेक म्हणाला, चवीचं जाऊ दे, याचं एक खवल पाकिटात ठेवलं की वर्षभर पैसा टिकतो.

मयेकर जागच्या जागी थांबले. "आमी जल्मभर खवलां फेकून दिली! ती पाकिटात ठेवली आसती तर आज मॅनेजर माझी गाडी चालवत आसतो!"

*

सणाच्या दिवशी आम्ही दोघं मारेकच्या घरी गेलो, तर काकू खोलीतून बाहेर येईनात. मारेक एकटाच पिएरोगी करत होता. पिएरोगी म्हणजे बटाटा भरलेली त्यांची करंजी. त्याच्या सगळ्या उकळत्या पाण्यात फुटत होत्या. सुनंदाला ते बघवेना. तिनं पदर खोचला, प्रत्येकीला नाजूक मुरड घातली आणि गॅसवर कढईभर तेल ठेवलं.

"उकडायच्या? करंजी कधी उकडतात का!"

तेलाच्या वासानं काकू बाहेर आल्या. कढई बघितली, मुरड बघितली आणि पोलिशमध्ये जे काही बोलल्या त्याचं भाषांतर मारेकनं केलं नाही. पण त्यांनी गॅस बंद केला, बाह्या सरसावल्या आणि सुनंदाला बाजूला सारून स्वतः लाटायला घेतलं.

मारेक माझ्या कानात म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, अजून काहीतरी चुकव!"

*

संध्याकाळी टेबलावर आम्ही चौघं आणि ताटं पाच. मला वाटलं, पाचवं वडिलांचं. मारेक म्हणाला, नाही. या संध्याकाळी दारात आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नसतं, म्हणून प्रत्येक घरात एक ताट जादा मांडतात. "आई जन्मभर मांडत आली. कधीच कुणी आलं नाही."

काकू बसल्या, पण चमच्याला हात लावेनात. नजर त्या रिकाम्या ताटावर. आता या उठून खोलीत जाणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मयेकर, ऑफिसच्या गाडीची चावी घेऊन. "चावी देवन जातंय. खोलयेर डाळ करून ठेवलंय."

ते वळणार, तोच काकू उठल्या, त्यांचा हात घट्ट धरून त्यांना आत आणलं आणि त्या पाचव्या ताटावर बसवलं. वाडगाभर सूप वाढलं. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं.

मारेकनं कसंबसं इंग्रजीत सांगितलं, "आई विचारतेय, इतकी वर्षं कुठे होतात?"

मयेकरांनी सूपकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सॉरी मॅडम," ते म्हणाले, "फुल ट्रॅफिक!"

मारेकनं त्याचंही भाषांतर केलं. काकू खो खो हसत सुटल्या आणि हसता हसताच त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला.