बर्फात चार अंश

बंगळूरला मी भांडायला गेलो होतो. लोक बागा बघायला जातात, येताना रेशमी साड्या आणतात. माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला वीतभर लांबीचा स्टीलचा प्रोब होता. त्याच्या टोकात केसाएवढ्या प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी असते. तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून तापमान कळतं. कळायला हवं! आमच्या तालुक्याच्या दूध संघात हाच प्रोब बहात्तर अंश, दूध टिकायला लागतात तेवढे, दाखवत राहिला आणि दूध घरोघरी नासलं. चार्टवरची रेघ सरळ, दूध मात्र फाटलेलं. मॅनेजरसाहेबांनी लगेच निकाल लावला: पाश्चरायझर, म्हणजे दूध तापवून निर्जंतुक करणारं यंत्र, चालवणाऱ्या शंकर माने मामांनी वाफ बंद ठेवून चार्टचा पेन हाताने फिरवला. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस निलंबित! सोमवारी चौकशी होती आणि बडतर्फीचं पत्र जवळजवळ तयारच होतं. मी तिथला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. मामा असलं काही करणार नाहीत याची मला खात्री होती, म्हणजे खोटा प्रोबच. पकडीने केबल तोडून तो काढला आणि तो बनवणाऱ्या बंगळूरच्या कारखान्याला जाब विचारायला शुक्रवारी संध्याकाळी कोल्हापूरहून बस धरली.

सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर दुकानांवर 'पीण्या, बंगळूर' अशा पाट्या. मला जायचं ते कारखान्यांचं पीण्या हेच! मी ओरडत पुढे धावलो. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "इल्ली स्टॉप इल्ला (इथे थांबा नाही)." मी मराठीत, हिंदीत, शेवटी हातवाऱ्यांनी भांडलो. गाडी थेट शहराच्या मध्यावर, मॅजेस्टिकच्या स्टँडवर जाऊन थांबली.

स्टँडसमोर उभ्याने खायचं हॉटेल होतं, त्याला इथे दर्शिनी म्हणतात. इडली कापसासारखी, पण सांबार गोड. सांबारात गूळ घालतात म्हणे! गल्ल्यावरच्या अण्णांनी विचारलं, "स्वल्प (थोडी) चटणी?" मी त्यांच्यावरही खेकसलो. त्यांनी मुकाट्याने दोन पळ्या वाढल्या. कॉफी फार चांगली होती, हे तेव्हा कबूल करायची माझी तयारी नव्हती.

सिटी बसने आलो तोच रस्ता उलटा कापला. दुतर्फा मोठाली झाडं, हवा गार, आणि मी मनात वाक्यं घोटत होतो. पीण्यात लेथच्या घरघरीतून पत्ता शोधता शोधता दहा वाजले. पत्र्याची एक शेड, आत ट्यूबलाइटखाली चार-पाच मुली भिंग लावून तारा गुंडाळत होत्या. मालक होसूरला गेलेले. तपासणीच्या टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, केसांत अबोलीचा गजरा. सगळे त्यांना शांताक्का म्हणत होते. मी हिंदीत तोफ डागली.

"मराठीत भांडा की," त्या म्हणाल्या. "मी बेळगावची. हिंदीत तुम्हाला नीट रागावता येईना झालंय."

मी आणखी पेटलो. म्हटलं, "तुमच्या या नळीपायी आमच्या माणसाची भाकरी जातेय! उकळत्या पाण्यात घालून दाखवा, आत्ता, माझ्यासमोर!"

अक्कांनी प्रोबचं झाकण उघडलं, माझ्या केबलचा तुकडा सोडवताना काहीतरी पुटपुटल्या, आणि प्रोबच्या तिन्ही तारा आपल्या मीटरला जोडल्या. चहाच्या शेगडीवर पाणी खळखळलं, त्यात प्रोब बुडवला. मीटरवर आकडा आला सत्त्याण्णव.

मी टेबलावर हात आपटला. "बघा! तीन अंश खोटं!"

मुली खुदकन हसल्या. अक्का हसल्या नाहीत. "साहेब, बंगळूर किती उंचावर आहे ठाऊक आहे का? इथं पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं. आमच्याकडं डाळ शिजायला वेळ लागतो तो प्रोबमुळं नव्हं."

इंजिनिअर म्हणवतो मी! कानापर्यंत तापलो.

"सरी (बरं), आता बर्फात बघू." थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ होता. त्यात प्रोब घातला, थोडं थांबलो. शून्य. काटेकोर शून्य. मग अक्कांनी माझ्या केबलचा तुकडा उचलला. टोकाला दोन लाल तारांचा एकत्र पीळ तसाच होता.

"मी तीन तारा देते. दोन लाल, एक पांढरी. हे कुणी केलंय?"

"आमच्या फिटरनं."

"त्याला कुणी सांगितलं?"

मला आठवलं. नवी कंट्रोल रूम पाश्चरायझरपासून चाळीस मीटरवर बांधली होती. फिटर म्हणाला होता, साहेब, स्टोअरमध्ये दोन तारांचीच केबल आहे. आणि मी फाइलमधून मान वर न करता म्हटलं होतं, "दोन्ही लाल एकच रे. पिळून टाक."

"मी सांगितलं," मी म्हणालो.

अक्कांनी अंतर विचारून फळीवरून तसल्याच केबलचं तेवढंच वेटोळं काढून मध्ये जोडलं. प्रोब बर्फातच होता. मीटर चार अंश दाखवू लागला. त्यांनी तिसरी तार वेगळी जोडली, पुन्हा शून्य. लांब तारेचा स्वतःचा रोध वजा करायला ती तिसरी तार असते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पडद्यावर बहात्तर, दूध अडुसष्टवर. माझ्या हातांनी! अक्कांनी आकडे लिहून कागदावर सही केली आणि वर म्हणाल्या, "जेवून जावा. रिकाम्या पोटी राग जास्त येतो."

मी जेवलो नाही. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मॅनेजरसाहेबांना फोन लावला. मी पुरतं बोलायच्या आधीच ते म्हणाले, "प्रोब खराब निघाला ना? मस्त! तसंच लिहून आण. माने सुटले, आपण सगळे सुटलो. बंगळूरवाले कुठं इथं येतायत?"

एक मिनिट मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं. मग शर्टाच्या खिशातल्या कागदावरची शांताक्कांची सही आठवली, आणि फोनवरच्या त्या गुळचट आवाजाची शिसारी आली. एका निरपराध माणसाला सोडवायला दुसऱ्या निरपराध बाईला अडकवायचं! फोन आपटला तसा बूथवाला म्हणाला, "सार, मेल्लगे (हळू)."

रात्रीच्या गाडीत जागा मिळाली नाही, रविवारी दिवसाच्या गाडीने निघालो. तुमकूरच्या नारळाच्या बागा, मग चित्रदुर्गचे खडक. दावणगेरेला बेण्णे दोसे (लोणी घातलेला डोसा) समोर आला, तो अर्धाच टाकून उठलो. भांडायला मी इतक्या दूर गेलो. चौकशी लागल्या दिवशी कंट्रोल रूममधून उठून चाळीस मीटर चालत गेलो असतो, तर ते झाकण मलाच उघडता आलं असतं.

सोमवारी चौकशीत मी अक्कांचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "प्रोब चांगला आहे. चूक माझी." साहेबांचं तोंड कडू झालं. मी थांबलो नाही. प्रोब बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा मला सांगायला आले होते, पाइप हाताला कोमट लागतोय. चार पोरांसमोर मी हसलो होतो: मामा, प्लॅटिनम खरं की तुमचा हात? तेही सगळं सांगितलं. मामांना कामावर घेतलं, मला निलंबनाचं पत्र मिळालं. योग्यच होतं.

बाहेर व्हरांड्यात मामा माझ्यासमोर उभे राहिले. आभार मानतील असं मला वाटत होतं, इतका मी निर्लज्ज.

"आता बोललास," ते म्हणाले. "तीन आठवडे माझ्या बायकोला नळावर लोक विचारत होते, किती दूध नासवलं गं तुझ्या नवऱ्यानं? तिला काय सांगू मी? बंगळूरला जाऊन आलास म्हणून?"

मामा शिफ्टला निघून गेले.