आमरी हलवली तेव्हा

आमचं शेत बिल्डरला गेलं, त्यावर सोसायटी उभी राहिली आणि तिथेच आम्हाला फ्लॅट मिळाला. चऱ्होलीत अशी घरं पुष्कळ. सासूबाईंनी गाय मात्र विकू दिली नाही. सोसायटीच्या भिंतीपलीकडे उरलेल्या चिबडात, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या रानात, त्या पावसाळाभर गवत कापायला जात. वरून सगळं सारखंच हिरवं, आत कुठे कुठे पुरुषभर चिखल. त्यांची खूण एकच, पांढऱ्या फुलांची आमरी. ती फुलते तिथली जमीन माणसाला पेलते, हे त्यांना त्यांच्या सासूने दाखवलं होतं.

त्या सकाळी लिफ्टमध्ये शेजारीण भेटली आणि कौतुकाने सांगू लागली. डंपर चिबडाच्या कडेला मुरूम टाकणार, म्हणून त्यांच्या झाडं वाचवणाऱ्या ग्रुपने रविवारी सगळी ऑर्किड, म्हणजे आमचीच आमरी, मुळासकट उचलली आणि फळ्या टाकून पार मधोमध नेऊन लावली. पाणी आवडतं ना त्यांना, म्हणाली. चांगुलपणाला अक्कल असतेच असं नाही, पण हे तिला ऐकवायलाही मी थांबले नाही. सासूबाई विळा घेऊन नुकत्याच गेल्या होत्या.

चप्पल कुठे सुटली कळलं नाही. भिंतीच्या खिंडारातून पाहिलं, तर त्या फुलांच्या दिशेने निवांत चालल्या होत्या. मी "आत्या, आत्या" करून घसा फोडत होते, पण डंपर रिकामा होत होता आणि त्यांना तसंही कमी ऐकू येतं. पुढच्याच पावलाला त्या एकदम बुटक्या झाल्या.

काठाला एक फळी पडली होती. तिच्यावर पालथी पडून मी पुढे सरकले. चिखल त्यांच्या छातीला लागला होता. त्या ओरडत नव्हत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मनगट हाती आलं, निसटलं, पुन्हा आलं. ही बाई आता माझ्या डोळ्यांदेखत जाणार, असं वाटून मी रडायलाच लागले. शेवटी डंपरवाला दोर घेऊन धावला, तेव्हा कुठे त्या निघाल्या.

काठावर बसून त्यांनी आधी हातांवरचा चिखल निपटला.

"मी वाट चुकले न्हाई," त्या म्हणाल्या. "आमरी हाय तितंच पाय टाकला."

मी त्यांना रविवारचं सगळं सांगितलं. गाय विकायचं मग त्यांनीच काढलं.

आता त्या घरातल्या कोरड्या फरशीवरही आधी अंगठा टेकवून बघतात. मी आधाराला हात पुढे केला, तर तोही आधी दाबून बघतात.