पाठ केलेली जत्रा

प्रभुलिंग नष्टे सरांना पोरं फार भ्यायची, अशी त्यांची ख्याती होती. खरं म्हणजे शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या त्या शाळेत सगळ्यात भित्रा माणूस कोण असेल, तर तो चित्रकलेचा हा मास्तरच. साहेब आले की भ्यायचे, पालक आले की भ्यायचे, आणि कोऱ्या कागदाला तर इतके भ्यायचे की वर्गात एकाही पोरासमोर तो फार वेळ कोरा राहू द्यायचे नाहीत.

त्याला कारण होतं. शाळेत असताना सर स्वतः एलिमेंटरीला बसले होते. चित्रकलेची ही सरकारी परीक्षा, आणि तिच्यात स्मरणचित्राचा एक पेपर. समोर काहीही न ठेवता, आठवून, अख्खं दृश्य काढायचं. विषय आला 'पाणवठा'. पोरगं पंचगंगेच्या घाटावर रोज पोहणारं, पण कागद समोर आला आणि डोक्यातलं सगळं पाणी आटलं. पेपर संपेपर्यंत नुसता घाम पुसत बसलं, आणि नापास झालं. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. ते त्या दिवसापासून गिऱ्हाइकांसमोर पोराला 'आमचं चित्रकार' म्हणून हाक मारायला लागले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नष्टे सर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

मास्तर झाल्यावर त्यांनी मनाशी पण केला, की माझ्या हाताखालचं एकही लेकरू असं बसणार नाही. त्यासाठी त्यांनी फळ्यावर एक चित्र बसवलं. डावीकडं झाड, उजवीकडं घर, मधे तीन माणसं, वर उजव्या कोपऱ्यात सूर्य. पोरांनी वर्षभर तेच काढायचं, पाढ्यासारखं पाठ करायचं. विषय 'बाजार' आला तर माणसांपुढं भाजीच्या पाट्या मांडायच्या. 'पाणवठा' आला तर डोक्यावर घागरी द्यायच्या. 'जत्रा' आली तर एका माणसाचा फुगेवाला करायचा, घरावर कळस चढवायचा, की झाला जोतिबा! झाडाला फांद्या किती, बाईच्या पदराला चुण्या किती, सगळं ठरलेलं. एखाद्यानं मधेच कुत्रं काढलं तर सर खोडरबर घेऊन धावायचे.

"कुत्रं कुणी सांगितलं तुला? परीक्षेत त्याचं पाय चुकलं म्हणजे?"

हसायचं असेल तर हसा, पण निकाल दरवर्षी शंभर टक्के. फौंड्रीत लोखंड ओतत राबणाऱ्या माणसांची पोरं ए ग्रेड घेऊन घरी जायची आणि त्यांचे बाप रस्त्यात सरांना नमस्कार करायचे. एवढ्यावर शिकवण्याच्या पद्धतीची चौकशी कोण करतंय?

१९९७ साली मात्र करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हेडमास्तर गणपतरावांनी सरांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मास्तर, परीक्षेच्या हापिसातनं फोन आलता. आपल्या पोरांचा निकाल थांबवलाय."

"का?"

"समद्यांची जत्रा एकसारखी हाय. एकमेकांचं बघून काढलंय म्हणत्यात. आणि सूर्य उजवीकडं असताना झाडाची सावली बी उजवीकडंच पडलीया. एकानं चूक केली असती तर गोष्ट येगळी. समद्यांनी तीच चूक केलीया की!"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ती सावली त्यांनीच काढलेली होती. इतकी वर्षं फळ्यावर ती तशीच पडत होती आणि खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली कुठं पडते हे एकदाही डोकावून बघावंसं त्यांना वाटलं नव्हतं.

चौकशीला परीक्षक येणार होते. कॉपी ठरली तर सगळी पोरं नापास, आणि पुन्हा परीक्षेला बसायची बंदी वेगळीच. घरी सर भाकरीचा एकच तुकडा ताटात फिरवत बसले. बायको शिवम्मा संकेश्वरकडची, बोलायला रोखठोक.

"अवो, खावा की. पोरांनी चोरी केली न्हाई, मग भ्यायचं कशाला?"

"केली न्हाई, पण ते दाखवायचं कसं?"

"तुम्हीच तसं शिकवलंय म्हणून सांगा."

नेमकी त्याचीच तर भीती होती. पोरं चोर ठरली तर पोरं बुडणार, नाही ठरली तर मास्तर उघडा पडणार. आपण गप्प बसलो तर आपलं नाव कुठंच येत नाही, हा विचार सरांच्या मनात येऊन गेला. आला आणि चांगला दोन दिवस मुक्काम करून राहिला. स्वतःची इतकी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती.

परीक्षक म्हणून साठीकडं झुकलेल्या एक बाई आल्या. आवाज बारीक, नजर मात्र घारीची. गणपतराव चहा सांगायला उठले तेवढ्यात सर उभे राहिले.

"बाई, पोरांनी कुणाचं बघितलं न्हाई. ती जत्रा माझी आहे. सावलीची चूकही माझीच."

"सिद्ध करता येईल?"

"पोरांना लांब लांब बसवा आणि आत्ता काढायला सांगा."

तसंच झालं. कोणी वर्गात, कोणी व्हरांड्यात, कोणी मैदानाच्या कडेला. कोणाला कोणाचा कागद दिसणार नाही असं बाईंनी स्वतः फिरून पाहिलं. सर ऑफिसात बसले, उठले, पुन्हा बसले. पोरं घाबरून विसरली तर? एखाद्याला आजच अक्कल सुचली आणि सावली बरोबर पडली तर? सगळ्या पोरांची चूक एकसारखी व्हावी म्हणून देवाचा धावा करणारा मास्तर दुसरा कोणी झाला नसेल.

कागद हॉलच्या फरशीवर ओळीनं मांडले. तेच झाड, तोच फुगेवाला, पदराला तेवढ्याच चुण्या. सूर्य उजवीकडं, सावली उजवीकडं. एकाही पोराला शंका आलेली नव्हती. बाई कागदांच्या मधून सावकाश फिरल्या.

"कॉपी नाही. निकाल सोडायला सांगते," त्या म्हणाल्या. गणपतरावांनी हात जोडले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं त्यांना वाटलं.

बाईंनी शेवटच्या कागदापाशी उभ्या असलेल्या संयोगिताला जवळ बोलावलं. वर्गात सगळ्यात सफाईदार हात तिचा.

"वडील काय करतात गं?"

"फौंड्रीत जात्यात."

"ते कामावरनं घरी येतात ना, तसे काढून दाखव मला."

तिनं नवा कागद घेतला, पेन्सिल टेकवली आणि सरांकडं बघितलं. सर मान खाली घालून उभे. तिनं पेन्सिल उचलली, पुन्हा टेकवली. तिचं कपाळ घामानं भिजलं.

"रोज बघतेस ना त्यांना?" बाईंनी विचारलं.

"व्हय. रोजच."

"मग?"

"ते सरांनी अजून शिकवलं न्हाई."

पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बाई गणपतरावांबरोबर ऑफिसात चहाला गेल्या, बाकीची पोरं वर्गाकडं पळाली. हॉलमध्ये सर आणि संयोगिता दोघंच उरली. ज्या पोरांसाठी इतकी वर्षं जिवाचं रान केलं, त्यातल्याच एका पोरीला आपण काय देऊन बसलो हे त्यांना समोर दिसत होतं, आणि तिच्याकडं बघायचा धीर होत नव्हता.

"सर, माझा ग्रेड जातोय काय?"

"न्हाई बाळ. न्हाई जात."

तिनं डोळे पुसले, कागदाची नीट घडी केली आणि सरांच्या पुढ्यात धरली.

"मग उद्या तुम्ही आमच्या बाबांना फळ्यावर काढून द्या, सर. मी घरी बसून पाठ करते."

सरांनी तिच्या बाबांना जन्मात कधी बघितलेलं नव्हतं.