साठला अडकलेली पट्टी

मंडळी, आज माझं डोकं तापलंय.

मजूर नोंदणीचं अ‍ॅप मी बनवतेय. सकाळी रनाळ्याला, मिरची वाळवायच्या पथारीवर, देठ खुडणाऱ्या मंगलमावशीच्या हातात मोबाईल दिला. तिने वयाची पट्टी बोटाने सरकवली. पट्टी साठला थांबली. तिने तीनदा ढकलून पाहिली.

"मन्हं वय सडुसष्ट शे. मी काम करी ऱ्हायनी ना?"

साठची मर्यादा मीच घातली होती. ऑफिसातली माणसं साठला घरी बसतात, म्हणून.

मी ऑफिसला कळवलं, तर पुण्याहून माझे साहेब फोनवर म्हणाले, "तिचं वय साठच टाक, काय फरक पडतो?"

मी पट्टीच काढली, साधा रकाना ठेवला. मावशीने त्यात सहा आणि सात दाबलं.

पट्टी परत हवी असेल, तर साहेबांनी पथारीवर यावं आणि तिच्या तोंडावर सांगावं की ती मजूर नाही. आहे हिंमत?