चादरीच्या काठातलं गाणं

कोल्हापूरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोंबडी. दोघींनी एकमेकींच्या ओझ्याकडे नाक मुरडून बघितलं आणि मिरज येईपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही. शेवटी तिनंच विचारलं, "ह्ये घिऊन कुटं निगालासा?" आता काय सांगणार कपाळ! सोलापूरला एक चादर ऐकायला निघालेय, असं सांगितलं असतं तर बाईनं कोंबडीसकट जागा बदलली असती. मी म्हटलं, "नातेवाइकांकडे."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा नाद आहे. घरचे त्याला खूळ म्हणतात, म्हणोत बापडे. त्यातच मला 'तिरपा धोटा' या सोलापुरी बँडची एकुलती एक कॅसेट सापडली. (धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी, आडवा धागा नेणारी लाकडी नळी.) परदेशात ऐंशीच्या सुमारास न्यू वेव्ह म्हणून तुटक तालाचं, विजेच्या पेटीवरचं संगीत जोरात होतं. ते कुठूनतरी कानावर पडलं आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या पोरांनी घरचाच यंत्रमाग ड्रम म्हणून लावला! त्यांतला व्यंकटेश पेटी वाजवायचा आणि नाकात सुताचे भाव म्हणायचा. अंगात काय, तर मधोमध भोक पाडलेली चादर. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली. माग हळूहळू थांबला, तशी पोरंही हळूहळू थांबली, आणि लाइट आल्यावर तिथूनच पुढे सुरू झाली. रेकॉर्डर सेलवर चालत होता, म्हणून ते तसंच्या तसं कॅसेटमध्ये आहे. मी ते ऐकून एकटीच खो-खो हसले होते.

ती कॅसेट मी इंटरनेटवर टाकली आणि महिन्याभरात व्यंकटेश अण्णांचा फोन आला. म्हणाले, दुसरीही एक टेप आहे, त्यात बहीण पद्मा गायली आहे, पण ती टेप चादरीत विणली गेली आहे. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर अण्णा वैतागले. "बाई, खोटं कशाला सांगू? येऊन बगा की."

सांगोल्यापाशी खिडकीतून डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या. कोंबडीवाल्या बाई तिथं उतरल्या आणि जाताना मला एक डाळिंब देऊन गेल्या. मला माझ्या आखडूपणाची लाज वाटली.

सोलापूरच्या स्टँडबाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्या उन्हात एक वरात चालली होती. बँडवाल्यांची धून ऐकून मी रस्त्यातच थबकले. ती 'तिरपा धोटा'चीच होती! मध्येच ती ढिली पडत गेली, तसे नाचणारे पाव्हणे हळूहळू खाली बसले. मग एकदम ताल उसळला आणि सगळे उड्या मारत उठले. मी बँडमास्तरला गाठून विचारलं, हे कुणाचं गाणं?

"आमचंच हाय की!"

"मग मध्ये थांबता कशाला?"

"कशाला म्हंजे? पयल्यापास्नं पद्धत हाय."

कधीतरी गेलेली लाइट अजून या गावाला नाचवत होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. मी हसत हसतच रिक्षा केली.

अण्णांच्या दारातच शेंगा चटणीचा वास आला. पानावर कडक भाकरी, चटणी, दही. मी भुकेली होते, लाजले नाही. पद्माक्का मात्र समोर नुसती बसून होती. साठीपुढची, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेला, त्यात डावा कान गेला आणि आता उजवाही चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"सकाळधरनं पोटात कण न्हाय हिच्या," अण्णा म्हणाले.

"आदी टेप," पद्माक्का म्हणाली. "नातवंडं लई चिडवत्यात मला. पयल्या कॅसेटात मी नुसत्या टाळ्या वाजवल्या न्हवं? तर म्हंत्यात, आजी, टाळ्या झकास वाजवल्यास! मी गायले हुते हो, बाई. कान हाय तवर एकदा ऐकू दे मला."

मग तिनं ट्रंकेतून चादर काढली. पांढरी-निळी, जाडजूड, आणि दोन्ही काठांत तपकिरी चमक. मी बोट फिरवलं. कॅसेटची फीतच ती, सुताच्या एका धाग्याआड एक!

झालं होतं ते असं. पोरांच्या रेकॉर्डरनं टेप गिळली. तो गुंता ओढून काढून त्यांनी सुताच्या टोपलीत ठेवला आणि ती जेवायला गेली. अण्णा-पद्माक्काचे वडील, म्हणजे नायना, लेकीच्या लग्नाची चादर हातमागावर विणत होते. टोपलीत चकचकीत काहीतरी दिसलं. विणकराच्या डोळ्याला ती नव्या तऱ्हेची जर वाटली. असली जर अख्ख्या पेठेत कुणाकडे नाही, म्हणून त्यांनी ती धोट्यातल्या कांडीवर भरली आणि लेकीच्या चादरीत घातली.

"मांडवात चादर उलगडली आन् मी जी रडाय लागले!" पद्माक्का म्हणाली. "सगळ्यास्नी वाटलं, सासरी निगाली म्हनून रडतीया. नायना म्हनला, बग, तुज्यासाठी खास जर. काय सांगू त्याला? मरंस्तवर सांगितलं न्हाय."

ती चादर ना तिला पांघरवली, ना टाकवली.

मी कात्री काढली तसे अण्णा उसळले. "उसवायची न्हाय! नायनाच्या हातचं एवढंच उरलंय." बहीण-भावाची तेलुगूत अशी जुंपली की मी डाळिंब सोलायला घेतलं. शेवटी पद्माक्कानं अंबाड्यातली पिन उपसली. "कान माजं चाललंत, तुजं न्हाय," असं मराठीत, बहुधा माझ्यासाठी, सुनावलं आणि एका काठाचा पहिला धागा स्वतः ओढला. थोड्या वेळानं अण्णाही शेजारी बसून फीत सोडवू लागले.

चुरगळलेली फीत मी रिकाम्या कॅसेटीत गुंडाळली, तुटली तिथं चिकटवली. बटण दाबलं, तर प्रवासात रेकॉर्डरचा पट्टा तुटलेला! अण्णांच्या सुनेनं दुधाच्या पिशवीचा रबर दिला. तो बसला एकदाचा.

हेडफोन पद्माक्काच्या उजव्या कानावर, दुसरी बाजू माझ्या कानाला. खरखर, मागाचा खडखडाट, आणि त्यावरून एका पोरीचा आवाज. बेधडक, थोडा बेसूर, काठोकाठ खुशीतला. फीत चुरगळली होती तिथं सूर हेलकावत होता. मला हुंदकाच आला. पद्माक्का डोळे मिटून होती.

अचानक माग थांबला आणि लांबून एका पुरुषाची हाक आली, "बुव्वा तिन्नवा, बिड्डा?" (जेवलीस का, बाळा?)

पद्माक्कानं डोळे उघडले. "नायना!" हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून ती मोठ्यानं म्हणाली, "तिन्लेदु, नायना." (नाही जेवले.)

मग तिनं हेडफोन काढला, डोळे पुसले आणि ताट मागितलं. अण्णांनी स्वतः वाढलं.

निघताना मी विचारलं, दुसऱ्या काठाचं काय? "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आजपास्नं पांघरनार हाय मी ती."

परतीच्या एसटीत मी विचार करत होते. आपण दिवसभर एकमेकांना जेवलात का म्हणून विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबतोच असं नाही. घराचं कुलूप काढते न काढते तोच फोन वाजला. मागे नातवंडांचा गलका आणि मी निघताना मोबाइलवर उतरवून दिलेलं तेच गाणं त्यांनी लावलेलं. त्यावरून पद्माक्का ओरडत होती.

"पोचला काय, बाई? जेवला काय?"

"अजून नाही!" मीही ओरडले.

"मग आदी जेवा!"

टेपरेकॉर्डर तसाच दारात ठेवून मी भात लावायला गेले.